वसरी कुणाच्या वाट्याची? फोंडा महालातल्या एका घराची हकीकत

आमच्या मूळ घराची वाटणी सत्तरच्या दशकात झाली. तो कागद माझ्याकडे आहे. खोल्या, माजघर, गोठा, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या, सगळ्याची त्यात नोंद आहे. परसातला कोणता माड कुणाचा हेसुद्धा मोजून लिहिलंय. वसरीबद्दल मात्र एकच ओळ आहे: वसरी व पायऱ्या सर्वांच्या सामाईक.

या एका ओळीमुळे पुढच्या चाळीस वर्षांत वसरीची काय दशा झाली आणि त्याच ओळीच्या आधाराने ती पुन्हा कशी उभी राहिली, ते या टिपणात सांगते. आपल्या मंडळाच्या बैठकीत मी हे तोंडी सांगितलं होतं. लिहून काढा असा आग्रह झाला, म्हणून हा खटाटोप. मी वास्तुविशारद नाही. शाळेत इतिहास शिकवला, आणि या कामात गवंड्याच्या व सुताराच्या शेजारी उभी राहून जे शिकले तेवढंच माझं भांडवल.

वसरी, सोपो, बाल्कांव

आधी शब्दांचा घोळ निस्तरू. घाटावरची ओसरी ती आमची वसरी. बेळगाव-कोल्हापूरकडे घराच्या दर्शनी भागालाच सोपा म्हणतात. गोव्यात सोपो म्हणजे वसरीच्या कडेला चिऱ्यांनी बांधलेली बैठक, मागे रेलायला पाठ असलेली. बडोदा-इंदूरकडच्या सभासदांना ओटला ओळखीचा आहे. तोही याच गोत्रातला, पण तो शहरातल्या रस्त्याला अगदी खेटून असतो. आमच्याकडे वसरीपुढे अंगण, अंगणात तुळस, आणि त्यापलीकडे वाट.

बाल्कांव हा पोर्तुगीज शब्द. युरोपात त्याचा अर्थ वरच्या मजल्याचा सज्जा. गोव्यात मात्र तो तळमजल्यावर उतरला. चार-सहा पायऱ्या चढून गेल्यावर दारापुढे खांबांवर पेललेलं छोटं छप्पर आणि खाली समोरासमोर दोन सोपे, याला इथे बाल्कांव म्हणू लागले. तिसवाडी, बारदेश आणि सासष्टी या जुन्या काबिजादींतल्या ख्रिस्ती घरांना तो अठराव्या-एकोणिसाव्या शतकात चांगलाच रुळला. संध्याकाळी घरातली बायका-माणसं तिथे बसायची, येणाऱ्या-जाणाऱ्याची विचारपूस करायची. घराचं तोंड वाटेकडे होतं.

फोंडा महालाची गोष्ट वेगळी. हा भाग पोर्तुगिजांकडे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आला. त्याआधी, सोळाव्या शतकात, कुठ्ठाळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा या मुलखात हलवावी लागली, आणि देवामागोमाग अनेक कुटुंबंही आली. इथल्या हिंदू घरांचं तोंड आत, राजांगणाकडे असायचं. लग्नकार्य आत, बायकांचा वावर आत. वसरी ही आतलं आणि बाहेरचं यांच्यामधली जागा होती. बाहेरचा माणूस घरात न घेताही त्याला बसवायची सोय. 'भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी' ही म्हण उगीच नाही आली. ओसरी देणं म्हणजे घर देणं नव्हे, हे त्यात गृहीत आहे.

आता जे लिहिते ते काहींना रुचणार नाही, पण इतिहास मंडळात ते वगळून कसं चालेल? आमच्या सोप्यावर सगळ्यांना बसता येत नव्हतं. भटजी, व्यापारी, पाव्हणे सोप्यावर. कुळं पायरीवर. आणि काही जणांनी अंगणातच उभं राहायचं, तेही तुळशीपासून लांब. हे मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलंय. माझी आज्जी या घरात लग्न होऊन आली ती शेवटपर्यंत इथेच राहिली, पण दिवसाउजेडी सोप्यावर टेकलेली मी तिला कधी पाहिली नाही. वसरीवर काय चाललंय ते ती खिडकीच्या गजांआडून बघायची. जुन्या वसरीचे फोटो बघून आपण हळहळतो, तेव्हा हेही आठवावं.

वसरीवरची शाळा

दुसरी बाजूही तितकीच खरी. पोर्तुगीज अमदानीत सरकारी शिक्षण पोर्तुगीजमधून. मराठी शिकायची ती देवळाच्या अग्रशाळेत नाहीतर कुणाच्या तरी घरी, पंतोजीकडून. १९१० साली पोर्तुगालात प्रजासत्ताक आलं, हिंदूंना बरोबरीचे नागरी हक्क मिळाले आणि मराठी शाळा-वाचनालयांना बळ आलं. पणजीची मुष्टिफंड संस्था त्याच सुमाराची, १९०८ ची. घरोघरी मूठमूठ तांदूळ गोळा करून शाळा चालवायची, ही त्या नावामागची कल्पना. खेड्यांत मात्र शाळा म्हणजे बऱ्याचदा कुणाची तरी वसरीच असायची.

आमची वसरी त्यातलीच एक. बाबा सांगायचे, पंतोजी उजवीकडच्या सोप्यावर, मुलं खाली सारवलेल्या जमिनीवर, पुढ्यात धूळपाटी. पावसाळ्यात झड आत येऊ नये म्हणून खांबांमध्ये विणलेल्या झावळ्यांचे झाप बांधत. त्या काळोखात बाराखडी घोकायची. गावातल्या दोन पिढ्यांना अक्षरओळख इथे झाली. घरात कुणी मोठं पद भूषवलं नाही, घराला बुरूज नाहीत, दिवाणखान्यात झुंबरं नाहीत. घराचं ऐतिहासिक महत्त्व काय, असं मला कुणी विचारलं तर मी या शाळेकडे बोट दाखवते.

सामाईक म्हणजे कुणाचीच नाही

१९६१ नंतर घर पांगलं. कुणी मुंबईला, कुणी बेळगावला, कुणी पणजीत सरकारी नोकरीत. जे घरात राहिले त्यांनी आपापल्या वाट्याच्या खोल्या शाकारल्या. वसरीवरचं कौल सरकलं की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघायचा. "मी एकट्यानेच खर्च का करायचा?" हा प्रश्न चुकीचा म्हणता येणार नाही. पण गोव्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत साधारण ३००० मिलिमीटर पाऊस कोसळतो. कौल सरकलेलं ठेवून वाद घालायला तो वेळ देत नाही. पाणी आधी रिपेत, मग वाशात, मग भिंतीच्या माथ्यावर.

आणि जे थोडं केलं, ते न करतो तर बरं झालं असतं. नव्वदच्या दशकात चुलत्यांनी वर्गणी काढून वसरीच्या भिंतींना आणि खांबांना सिमेंटचा गिलावा करून घेतला. ठेकेदाराने सांगितलं, एकदा केलं की बघायला नको. वर ऑइलपेंट दिला. मीही त्या वर्गणीत पैसे घातले होते, म्हणून दोष दुसऱ्यावर ढकलत नाही. चिरा हा सच्छिद्र दगड. जमिनीतली ओल शोषून तो वर घेतो आणि चुन्याच्या गिलाव्यातून ती हळूहळू हवेत जाते. सिमेंट आणि ऑइलपेंटने ही वाट बंद केली. पाच-सहा वर्षांत रंगाला फोड आले, गिलावा पोकळ वाजू लागला, आणि आतला चिरा बोटाने उकरता येईल इतका भुसभुशीत झाला. पुढे एका गवंडी मिस्त्रीने मला जे सांगितलं ते कुठल्याही पुस्तकापेक्षा सोपं होतं: "बाई, भिंतीला रेनकोट घातलात तुम्ही. आतून घाम येतो तो जाणार कुठे?"

मग चोरीच्या भीतीने लोखंडी जाळी आली. मग अंगणात काँक्रीट आलं. शेवटी डावीकडचा खांब पायाशी झिजून बाजूला कलला, तेव्हा थोरल्या चुलतभावाने प्रस्ताव मांडला की वसरी पाडू, स्लॅब टाकू, खाली दोन गाड्या लागतील. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो. घरात राहणारे तेच. पावसात बादल्या मांडणारे तेच. त्यांचं चुकत होतं असं मी आजही म्हणणार नाही.

पण गोव्यात एक गंमत आहे. इथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा आहे. मुलगा-मुलगी सारखे वारस, आणि सर्वसाधारणपणे नवरा-बायको दोघांची मालकी एकत्र. सामाईक जागा पाडायची तर सगळ्या वारसांच्या आणि त्यांच्या जोडीदारांच्या सह्या हव्यात. आम्ही मोजल्या, तेवीस झाल्या.

दादा म्हणाले, "अगं, तू लग्न होऊन गेलीस, तुला वसरी कशाला हवी?"

मी म्हटलं, "दादा, ठेवायला माझी गरज नसेल. पण पाडायला माझी सही लागेल."

हे बोलून गेले आणि रात्रभर झोप लागली नाही. सही अडवणं सोपं असतं. अडवून ठेवलेल्या किती वसऱ्या गोव्यात नुसत्या पडून मातीत गेल्या आहेत! सकाळी मीच दादांकडे गेले. म्हटलं, एक पावसाळा थांबू या. छपराचा खर्च मी करते, हिशेब तुम्ही ठेवा. नाही जमलं तर दिवाळीनंतर मी स्वतः सही करीन. दादा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "बरं, पण चहापाणी कामगारांचं तुझ्या वहिनीवर टाकू नकोस."

आधी बघणं, मग हात लावणं

कामाचा क्रम सांगते, कुणाला तरी उपयोग होईल.

पहिले पंधरा दिवस आम्ही काहीही तोडलं नाही. भाच्याने सगळ्या बाजूंनी फोटो काढले, प्रत्येक खांब, पायरी, सोपो मोजून कागदावर उतरवला. कौलांना ओळवार खडूने आकडे घातले. हे कंटाळवाणं काम टाळलं तर पुढे 'पूर्वी कसं होतं' यावरून भांडणं होतात, आणि प्रत्येकाच्या आठवणीतली वसरी निराळी असते.

कौलं उतरवताना मागे मंगळुरी कारखान्यांचे शिक्के दिसले. मंगळुरात बासेल मिशनने कौलांचा कारखाना काढला तो १८६५ साली. म्हणजे हे छप्पर त्यापूर्वीचं असू शकत नाही. त्याआधी इथे हाताने घडवलेले अर्धगोल नळे असत. नुसत्या कौलांवरून वसरीचं वय ठरत नाही, कारण छप्पर बदलता येतं. पण सिमेंट काढल्यावर दुसरा पुरावा मिळाला. घराचं जोतं आणि वसरीचं जोतं यांचे चिरे एकमेकांत गुंतवलेले नव्हते. दोन्हींच्या मधे वरपासून खालपर्यंत सरळ रेघ होती. एकाच वेळी बांधलं असतं तर चिरे सांधेमोड करून बसवले असते. म्हणजे समोरासमोर सोपे असलेला हा पुढचा भाग घराला मागाहून जोडलेला आहे.

घरात परंपरा अशी होती की वसरी 'तीनशे वर्षांची, देव इकडे आले तेव्हाची'. ती मोडली, याचं काहींना वाईट वाटलं. मला मात्र आनंद झाला. आमच्या पूर्वजांनी कुठेतरी जुन्या काबिजादीत बाल्कांव पाहिला असेल, आवडला असेल, आणि आपल्या वसरीपुढे बांधून घेतला असेल, असं मानायला जागा आहे. आत राजांगण तसंच ठेवलं आणि बाहेर वाटेकडे तोंड केलं. घराचा इतिहास असा जोडाजोडीतूनच घडतो.

पाणी, लाकूड, चुना

दुरुस्तीत पहिला मान पाण्याचा. भिंती सजवण्याआधी पाणी कुठून येतं ते शोधावं. आमच्याकडे वरून गळत होतं हे सगळ्यांना दिसत होतं, खालचं कुणी पाहिलं नव्हतं. अंगणातल्या काँक्रीटमुळे जमीन वीतभर उंच झाली होती. वळचणीचं पाणी त्यावर आदळून जोत्यावर उडत होतं. जोत्यालगतचं काँक्रीट हातभर रुंदीचं फोडून तिथे खडीची चर केली, तिला उतार दिला. सगळ्या कामात सर्वांत स्वस्त हेच, आणि सर्वांत गुणकारीही.

लाकूड माट्टीचं. सुताराने टोच्याने प्रत्येक वासा तपासला. बहुतेक वाशांची फक्त वळचणीकडची टोकं कुजली होती. पूर्ण वासा बदलण्याऐवजी कुजका तुकडा कापून तिरका सांधा करून नवा जोडला. पूर्ण बदलावे लागले ते चारच. वाळवीसाठी काजूच्या टरफलांचं तेल लावलं. हाताला भाजतं, वासही उग्र, पण इथे पिढ्यानपिढ्या तेच वापरत आले आहेत.

कललेल्या खांबाला चारी बाजूंनी टेकू देऊन छपराचा भार उचलला आणि पायाचे तीन चिरे बदलले. इथे एक गोष्ट शिकले. खाणीतून नुकता काढलेला चिरा मऊ असतो, हवा लागून तो टणक होतो. म्हणून मिस्त्रीने चिरे आधी आणून काही दिवस अंगणात तसेच ठेवले. घाई केली नाही.

चुना हा सगळ्यात मोठा अडथळा. पूर्वी इथे शिंपल्यांचा चुना भाजत. आम्हाला तो मिळाला नाही, म्हणून चुनखडीची कळी आणली. परसात खड्डा करून ती पाण्यात विझवली आणि तीन आठवडे पाण्याखाली ठेवली. विझवताना पाणी अक्षरशः उकळतं. मुलांना लांब ठेवावं, डोळे जपावे. मग एक भाग चुना, तीन भाग धुतलेली नदीची वाळू, खालच्या थरात थोडी विटांची भुकटी. मिस्त्रीच्या आग्रहाने गुळाचं पाणीही घातलं. थर पातळ द्यायचा, एक सुकल्यावर दुसरा, आणि ओलं गोणपाट लावून ऊन लागू द्यायचं नाही. चुना हवेतून हळूहळू घट्ट होतो, त्याला महिने लागतात. म्हणून हे काम डिसेंबर ते एप्रिलमध्येच करावं. "सिमेंट असतं तर चार दिवसांत संपलं असतं," असं दादा रोज म्हणत. रोज येऊन बघतही असत. तिसऱ्या आठवड्यात ते स्वतः गोणपाटावर पाणी मारू लागले.

शेवटी पांढरा चुना आणि खाली तांबडा पट्टा. ऑइलपेंट नाही. दरवर्षी पाऊस सरल्यावर पुन्हा हात फिरवावा लागतो. हे लोकांना कटकटीचं वाटतं. पण जुन्या घरांची खरी युक्तीच ही होती. दरवर्षी थोडं करायचं, म्हणून दर पन्नास वर्षांनी सगळं करावं लागत नसे.

ज्यांना असं काम करायचं आहे त्यांनी आधी बारदेशात तोर्डा येथे जेरार्ड द कुन्हा यांनी उभारलेलं 'हाउसेस ऑफ गोवा' हे संग्रहालय पाहावं. गोव्याच्या घरांचे भाग कसे जुळतात ते तिथे नीट समजतं. पणजीच्या फोंतेन्हासमधूनही एक फेरी मारावी, पण लक्षात ठेवावं की ती शहरी घरं आहेत. तिथले सज्जे रस्त्यावर झुकतात, गावातल्या वसरीसारखी त्यांना अंगणाची मोकळीक नाही. तिथलं जसंच्या तसं उचलून गावात आणू नये.

काय परत आणलं, काय नाही

लोखंडी जाळीवरून बराच वाद झाला. ती काढली तर दादा-वहिनींना रात्री भीती वाटणार. हे घर संग्रहालय नाही, दोन वयस्क माणसं तिथे राहतात. शेवटी वसरीची जाळी काढली आणि आतल्या मुख्य दाराला भक्कम अडसर केला. गाड्यांसाठी अंगणाच्या कडेला पत्र्याची शेड बांधली. दिसायला ती काही छान नाही, पण उद्या नको झाली तर वसरीचा एक चिराही न हलवता काढता येईल.

जमीन मात्र पुन्हा शेणाने सारवायची केली नाही. १९६१ च्या आसपास घातलेला तांबडा कोबा शाबूत होता, तोच ठेवला. तोही आता इतिहासच.

आणि वाटणीच्या कागदातल्या त्या ओळीखाली आम्ही दुसरी ओळ लिहिली. प्रत्येक वारसाने दरवर्षी चवथीआधी ठरलेली लहान रक्कम द्यायची. ती फक्त वसरीच्या कौलांसाठी आणि चुन्यासाठी, आणि हिशेब घरात राहणाऱ्याने ठेवायचा. तेवीस सह्या त्यावर झाल्या. पाडण्यासाठी ज्या सह्या गोळा करायच्या होत्या, त्याच. कायदेशीर भाषेत तो कागद कितपत टिकेल ते मला ठाऊक नाही. आतापर्यंत सहा वर्षं टिकलाय.

पहिल्या पावसात छप्पर एका जागी गळलं, हे प्रामाणिकपणे नोंदवते. कोपऱ्यातल्या पन्हळीचा उतार चुकला होता. दादांनीच शिडी लावून ते दुरुस्त केलं, आणि मला फोन करून सांगितलं, "आपली वसरी गळत होती, आता नाही." त्यांच्या तोंडून 'आपली' हा शब्द वसरीसाठी मी पहिल्यांदा ऐकला.

त्या चवथीला घर भरलं. माटोळी आत, राजांगणापुढच्या खोलीत. बाहेर सोप्यावर जागा मिळेना. एका सोप्यावर वहिनी, माझी मुलगी आणि शेजारची म्हातारी, जिच्या आजोबांनी या अंगणात उभं राहून निरोप सांगितले होते. समोरच्या सोप्यावर दादा गावातल्या पोरांना त्या पंतोजींच्या शाळेची गोष्ट सांगत होते. मी आज्जीच्या खिडकीपाशी आत उभी होते. मुलीने हाक मारली, "आई, आत काय करतेस, इथे ये की," आणि सरकून जागा केली.

सभासदांना एकच विनंती. आपापल्या घरची ओसरी, सोपा, ओटला, कट्टा जे काही असेल त्याचे फोटो काढून, मापं घेऊन, आणि तिथे कोण बसायचं व कोण बसू शकत नव्हतं हे घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवा. दुरुस्ती करणं सगळ्यांना झेपेलच असं नाही. लिहून ठेवायला मात्र कुणाच्याच सहीची गरज नाही.